आईच्या अंगणातला दिवा

नायगावला बसच्या रांगेत संघमित्राच्या पुढे एक बहीण-भाऊ दोन खोके घेऊन उभे होते. तिची नजर मोबाइलवर होती, कान मात्र तिकडेच.

“प्रितेश, हे दोन सोलर दिवे वेगवेगळे का रे?”

“एक ब्रँडेड आहे ताई, एक साधा. उजेड सेमच.”

“गावी आईच्या अंगणात कुठला लावणार?”

“साधा.”

“आणि ब्रँडेड तुझ्या गॅलरीत?”

“शो येतो ना.”

“साधा पहाटेपर्यंत टिकतो?”

“दहा-अकरापर्यंत... बहुतेक. रात्रभर ब्रँडेडच चालतो.”

“आई चारला उठून अंगणापलीकडे संडासला जाते. मागच्याच महिन्यात पायरीवरून पडली ना?”

ताईने ब्रँडेड दिव्याचा खोका गावी न्यायच्या पिशवीत टाकला.

“अगं, मग माझ्या गॅलरीला काय?”

“तुझ्याकडे बटण दाबलं की ट्यूब लागते.”