आईच्या वहीतला शेवटचा भाग

हॅलो?… हो, ताओ रुओनिंग बोलतेय. त्यांची मुलगी. फोन आता माझ्याकडे असतो… आपण कोण?

छ्यू मान, कुनमिंगहून. बरं… आईची वाचक? हो, ती इंटरनेटवर कादंबरी लिहायची, ते आता कळलंय मला. ती गेल्यापासूनचा एकोणपन्नासावा, शेवटच्या विधीचा दिवस काल झाला. तिच्या नावाने कागदी नोटा जाळून आले, तिचं कपाट आवरायला घेतलं. लोकरीच्या गुंड्यांखाली वही.

अगं, रडू नकोस… ऐक ना. आणि तिला ‘आई’ म्हणू नकोस… तिनेच सांगितलं होतं? असेल. तरी नको.

तीन वर्षं? रोज फोनवर?… गुडघा? कुठला गुडघा?… मला म्हणायची, जिने चढायचा कंटाळा येतो.

हो, कादंबरीतले ते दोघे घंटा ओतणारे, एकमेकांवर प्रेम करणारे. वाचलं… साइटवर सेन्सॉरमुळे त्यांना मानलेले भाऊ करून टाकलं, माहीत आहे. भाग अकरा वेळा बंद झाला आणि अकरा वेळा तिने बदलून दिला… तू मोजलंस. अर्थात.

लिखाणाच्या चौकशीला सरकारी माणसं? घरी? केव्हा?… त्या रविवारी मी तिच्याकडेच जेवायला होते, छ्यू मान. डंपलिंग केले होते तिने. अवाक्षर काढलं नाही… आणि तुला लगेच फोन.

मला का नाही सांगितलं?… नोकरी? हो, सरकारच्या प्रचार विभागात आहे मी. घरच्यांची माहिती दरवर्षी भरून द्यावी लागते, पण… काय म्हणाली?… ‘तिला ठाऊकच नसलं, तर तिला खोटं बोलावं लागणार नाही.’ तिचेच शब्द?

थांब जरा…

नाही, आहे मी. पाणी प्यायले.

शेवटचा भाग आहे वहीत. मानलेले भाऊ वगैरे काही नाही, तिला हवा होता तसा… फोटो नाही पाठवणार. मेसेज कोण कोण चाळतं, ते मला विचार. पेन आहे? मग घे लिहून.

‘साचा फोडला तेव्हा घंटा अजून कोमट होती. धाकट्याने तिच्यावर तळवा ठेवला. थोरल्याने त्या तळव्यावर आपला ठेवला, आणि या वेळी काढून घेतला नाही…’ झालं लिहून?… हो, नाही काढला… हळू, मी थांबते.

आहेत अजून. आठ ओळी… नाही, त्या नाही वाचणार… कळतं गं, किती वाट पाहिलीस ते. पण तुझ्याशी ती रोज बोलली. या आठ ओळी तिने फक्त माझ्याशी बोलाव्यात… नाही, रागावले नाही. तू विचारू नकोस एवढंच.

ठेवते.