पोपटरावांचे दोन शब्द

न्हाई, भटजी नको, मान्य! मंगलाष्टका नको, अंतरपाट नको, अक्षता नको, खायचं धान्य काय पायाखाली तुडवायचं असतं का, तेबी मान्य! पोपटरावांनी सगळ्याला मुंडी हलवली हो. एकुलती एक पोरगी, दौंडला कॉलेजात शिकवती, तिच्यापुढं कोण बोलणार? पण तुम्हाला सांगतो, ह्या प्रांजलनं शेवटाला जे काढलं ना, "आप्पा, मग लग्नात प्रत्येकानं आपलं स्वतःचं कायतरी आणायचं. मनातलं. उसनं न्हाई..." तिथं गडी गार झाला! आहेर म्हणली असती तर बाजारातनं आणला असता, फुलं म्हणाल तर खुटबावच्या मळ्यात शेवंती नुसती उसळलीय, ट्रॉली भरून देतो म्हणले. पण मनातलं? ते आणायचं कुठनं?

माझा आन् त्यांचा बांधाला बांध. सकाळी सकाळी आले, चहासुदीक घेतला न्हाई. "अरं, ती म्हणती कन्यादान न्हाई. मी काय कालवड हाय का दान करायला, म्हणती. त्याच्याऐवजी आप्पा, तुम्ही माझ्याबद्दल दोन शब्द बोला!"

मी म्हणलं, मग बोला की, तुम्हाला काय अवघड?

आता त्यांना अवघड जाईल असं मला तरी का वाटावं? पोपटराव म्हंजी आख्ख्या टापूत बोलणारा माणूस! कुणाचाबी दहावा असू द्या, नदीकाठी माईक ह्यांच्याच हातात. असं बोलत्यात, असं बोलत्यात, की गेलेल्या माणसालाच वाटावं, आपण एवढे चांगले होतो तर मेलो कशाला! पण पोरीशी? पोरीशी बोलणं म्हंजी काय, 'जेवलीस का', 'गाडी सावकाश चालव' आन् 'आईकडं दे फोन'. संपलं! म्हणजे माया न्हाई असं न्हाई हो... हाय, पण ती आतल्या आत. बाहेर काढायची सवय नगं का?

मग सुरू झाली तयारी. शेवंतीत उभं राहून, मोटरीच्या पेटीसमोर, खाकरून, "प्रांजल ही माझी मुलगी आहे." आन् फुडं काय न्हाईच! खुरपायला आलेली भागुबाई, म्हंजी त्यांची बायको, तिकडनं वरडली, "ते लोकांला ठावं हाय, फुडं बोला!" फुडं आणायचं कुठनं?

बरं, बाकीच्यांचं म्हणाल तर सगळ्यांचं जोरात! पुतळाबाई, पोपटरावांची थोरली बहीण, आधी रुसून बसली होती, "मंगलाष्टकेबिगर लग्न म्हंजी मिठाबिगर आमटी!" प्रांजल म्हणली, "आत्या, तुम्ही तुमची ओवी म्हणा की." झालं! म्हातारीनं आठ दिवस जात्यावरच्या ओव्यांचं कौतुक सांगितलं आन् लग्नात, भर मांडवात, माईक वढून,

"पयली माझी ओवी गं, भावाच्या मळ्याला,
पाणी देतो शेवंतीला, बहीण आठवंना त्याला!"

मनातलं म्हणली होतीस ना? घे! पोपटराव मांडवाच्या खांबामागं. दुसऱ्या ओवीत भावानं दिलेल्या साडीचा रंग निघाला, तिसरी सुरू व्हायच्या आत मीच टाळ्या वाजवल्या, काय करता?

आन् नवरदेव! सुदर्शन, इनामगावचा, गुणी पोरगं, कंपनीत सुपरवायझर. त्यानंबी शपथ स्वतःची लिहिलेली. आता रोज सकाळी शिफ्टला सेफ्टीची जी शपथ घ्यायची तीच तोंडात बसलेली असणार ना? उजवा हात फुडं करून, ताठ उभा राहून, "मी सुदर्शन, गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो की, संसारात कुठलंही काम शॉर्टकटनं करणार नाही, आणि काही बिघाड दिसल्यास ताबडतोब वरिष्ठांना कळवीन!" मागनं कंपनीची पोरं एकदम, "वरिष्ठ कोण?" "वहिनी!" हसून हसून मांडव हलला.

तेवढ्यात कुणीतरी नाव पुकारलं... पोपटराव!

तुम्हाला सांगतो, माणूस असा निघाला जसा काय ऑपरेशनला. फेटा एका कानावर. माईक हातात घेतला. समोर हजार माणूस. पोरगी बघतीय. मी मनात म्हणलं, प्रांजल ही माझी मुलगी आहे, एवढं तरी म्हणा! न्हाई. ओठ हलत्यात, आवाज न्हाई. आन् मग काय झालं, हाताला माईकची सवय, जिभेला एकच वाट ठावकी... गाडी आपोआप लागली हो त्या वाटंला!

"आज आपण सर्वजण... जड अंतःकरणानं... इथं जमलो आहोत."

अरं देवा!

"कुमारी प्रांजल... अत्यंत शांत, संयमी, मनमिळाऊ... आज आपल्यातून जात आहे. तिच्या जाण्यानं आमच्या घरात कधीही न भरून निघणारी पोकळी..."

वऱ्हाडातनं खसखस पिकली. पोपटरावांना कळलं, आपलं काय झालंय ते, तोंड लालबुंद, पण थांबतील कसे? थांबले तर फुडं काय, रिकामंच! म्हणून बोलत राह्यले. "तिच्या आठवणी... सांगाव्या तेवढ्या थोड्या..." आन् इथं अडकले. कारण दहाव्याला इथं आठवण सांगायची असती. आता आठवण उसनी कुठनं आणायची?

"ही... ल्हान होती. टेम्पोत माझ्यासंगं मार्केटला यायची. फुलांच्या पोत्यावर डोकं टाकून झोपायची. सगळा माल उतरायचा, तेवढं पोतं मी ठेवायचो. उठवायचं जिवावर यायचं. तवर बाजार मोडायचा... पोतं तसंच माघारी. हिची आई म्हणायची, तुम्हाला विकताच येत न्हाई. म्हणू दे म्हणलं. हे मी... हिला कवा सांगितलं न्हाई."

आता कुणीच हसंना. प्रांजलनं तोंडावर हात धरला. भागुबाई तर बघतच राह्यली. पोपटरावांचे शब्द संपले, आन् जिभेनं आपली जुनी वाट परत धरली, "तरी... आपण सर्वांनी... दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून..."

आन् उभा राह्यला हो मांडव! सवय! हजार माणूस, दोन्हीकडचं, टोप्या काढून, माना खाली! नवरदेव इकडं बघतोय, तिकडं बघतोय, त्यानंबी घातली मान खाली. सनईवाला भांबावून गप्प. आन् त्या शांततेत प्रांजल उठली, बापाकडं गेली, गळ्यात पडली. बाप एका हातानं पाठ थोपटतोय, दुसऱ्या हातात माईक तसाच चालू, आन् हुंदका आख्ख्या शिवारात! कुणाचा, ते इचारू नका.

लग्न नक्की कवा लागलं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं न्हाई. 'सावधान' म्हणायला माणूसच नव्हता! नवऱ्याचा बाप, बापूसाहेब, माझ्या कानाला लागला, "पाव्हणं, जेवायला बसायचं का अजून कुणी बोलणार हाय?" म्हणलं, बसा, आता काय ऱ्हायलं.

पोरगी गेली. मांडव सुना. आम्ही तिघं खुर्च्यांवर. भागुबाई पदरानं डोळं पुसून म्हणली, "पोरीबद्दल एवढं बोललात. माझा इतक्या वर्सांचा संसार, माझ्याबद्दल कवा एक शब्द?"

पोपटरावांनी फेटा सोडला, मांडीवर ठेवला, आन् अगदी कळवळून म्हणले, "अगं, बोललो असतो की... पण तू जातीस कुठं!"