लाल नळ, निळा नळ

हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक प्लंबर आणि त्याची मुलगी. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती, म्हणून ती वडिलांना धडा म्हणून दाखवत होती.

“निळा तारा सगळ्यात गरम, बाबा. लाल त्यामानाने थंड.”

“उलटं पाठ केलंयस. लाल नळ गरम पाण्याचा, निळा गार पाण्याचा. तीस वर्षं तेच बसवतोय मी.”

“ताऱ्यांचं उलटंच असतं. मोठा निळा तारा धडाडून जळतो आणि लवकर संपतो.”

“आणि लाल?”

“लालमध्ये दोन प्रकार. एक लहानखुरा, इंधन पुरवून पुरवून वापरणारा. तो सगळ्यात जास्त जगतो.”

“तुझ्या आईसारखा. आणि दुसरा?”

“दुसरा आधी आपल्या सूर्यासारखाच असतो. आतलं इंधन संपत आलं की…”

“की काय?”

“ते एवढं महत्त्वाचं नाही, बाबा. परीक्षेला येत नाही.”

“वहीत दोनदा रेघ मारलीयस की त्याच्याखाली. वाच.”

“संपत आलं की तो फुगतो. फुगून लाल होतो.”

“मग?”

“मग पुढे खूप वर्षं जातात. कोट्यवधी वर्षं.”

“ताऱ्याची.”

“हो.”

“ही चप्पल बघ जरा. सकाळी पायात गेली होती, आता काही चढत नाही.”

“राहू द्या, बाबा. मी हातात घेते. चला, आपला नंबर आला.”