पिवळं घर, हिरव्या खिडक्या

सत्त्याण्णव सालची गोष्ट. नेरूळच्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी रांग होती. मालतीबाई बाकावर नंबरची वाट बघत होत्या आणि शेजारच्या बापलेकीचं बोलणं आपसूक कानावर पडत होतं.

"अब्बा, फोटो काढून काय उपयोग? कॉलेजच्या फॉर्मवर तुमची सहीच नाय."

"इटली लांब आहे, तस्नीम."

"सगळा वर्ग चाललाय, मॅडम आहेत सोबत. पहिला मुक्काम जेनोआला. तुमी तर जहाजावर असताना अकरा वेळा गेलात तिथं!"

"गेलो."

"मग कसं आहे गाव?"

"माहीत नाय."

"अकरा वेळा जाऊन?"

"आम्ही इंजिनवाले. जहाज बंदराला लागलं, की बाकीचे फिरायला उतरायचे आणि आमचं इंजिन खोलायचं काम सुरू व्हायचं."

"घरी कधी बोलला नाहीत."

"तुझी अम्मी हौसेने सगळ्यांना सांगायची, हे इटली फिरून आले म्हणून. तिचं मन कसं मोडायचं?"

"डेकवरनं काहीच दिसायचं नाय?"

"टेकडीवर एक पिवळं घर दिसायचं. हिरव्या खिडक्या, दोरीवर कपडे वाळत घातलेले. दर वेळी."

"अब्बा..."

"आण तो फॉर्म. सही करतो. पण त्या टेकडीवर चढायचं आणि खाली बंदराकडे बघायचं."

"काय बघू?"

"तिथून जहाज केवढं दिसतं, ते येऊन मला सांग."

आतून हाक आली. नंबर मालतीबाईंचा होता. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"तू जा गो पोरी आधी. तुला लांब जायाचं हाय."