तुटक रेषांचं दार

फिटर: म्हणजे कसं बाई, या गठ्ठे बांधायच्या प्रेसचं दार उघडत नाही असं नाही. उघडतं. पण अर्धंच.

बाई: अर्धं म्हणजे किती?

फिटर: मांजर बाहेर येईल इतपत. पुठ्ठ्याचा गठ्ठा काही यायचा नाही. हे बघा, ओढतो. आलं, आलं, आणि इथं हँडलला टेकलं. आता कितीही ओढा.

बाई: बिजागऱ्या चुकल्या असतील.

फिटर: दार पत्रेवाल्यांनी फ्रेमला लावूनच पाठवलंय. मी त्याला हातही लावलेला नाही. त्यांच्याकडून ड्रॉइंग मागवून बघितलं, दार त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे चोख आहे.

बाई: मग हँडल लांब झालं असेल.

फिटर: तेही मोजलं. त्याच्या ड्रॉइंगप्रमाणे तेही चोख.

बाई: म्हणजे दार शहाणं, हँडल शहाणं, आणि शेजारी शेजारी आणले की भांडतात.

फिटर: तेच तर. सकाळपासून मी या माझ्या पहिल्याच प्रेसभोवती प्रदक्षिणा घालतोय. डोक्याचा भुगा झाला.

बाई: इतकी वर्षं या शेडमधून गठ्ठे बांधायचे प्रेस बाहेर जाताहेत. सगळ्यांची ड्रॉइंग मीच काढली. दार अर्धं उघडतं असं एकाही गिऱ्हाइकानं कधी कळवलं नाही. मिस्त्री होते तोवर...

फिटर: मिस्त्री होते तोवर काय काय व्हायचं नाही, ते मला रोज ऐकायला मिळतं, बाई. काल चहावाल्यानंही ऐकवलं.

बाई: टोमणा मारताय?

फिटर: नाही हो. ते तुमचे यजमान, तुम्हाला वाटणारच. त्यांच्या डोळ्यांना आराम पडावा असं मलाही वाटतं. पण त्यांच्या जागेवर मी हौसेनं येऊन उभा नाही राहिलो. मला कामावर घेतलं म्हणून उभा आहे.

बाई: बरं. ड्रॉइंग आणा इकडे.

फिटर: हे काय, इथंच पसरलंय. प्रत्येक भागाला गोलात जो आकडा दिलाय तो मी लावून बघितला. हा तळाचा पाट, हा दाबाचा पाट, हा मधला दांडा, हे हँडल. जे जिथं दाखवलंय ते तिथंच बसवलंय. हँडल कागदावर उजवीकडे, माझंही उजवीकडे.

बाई: हो. उजवीकडेच आहे.

फिटर: मग चुकलं कुठं?

बाई: कागदावर तर काहीच चुकलेलं नाही.

फिटर: हेच तुम्ही साहेबांना सांगणार ना?

बाई: साहेब काय म्हणाले तुम्हाला?

फिटर: म्हणाले, बाईंना खाली बोलाव. बाईंनी ड्रॉइंग बरोबर आहे असं लिहून दिलं, तर चूक जोडणाऱ्याची. आणि जोडणारा अजून कच्च्या नेमणुकीवर आहे. पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मी काही कुक्कुलं बाळ नाही.

बाई: मलाही त्यांनी तेच सांगितलं. वर आणखी एक सांगितलं.

फिटर: काय?

बाई: तुम्ही गेलात तर नवीन माणूस घेणार नाहीत. मिस्त्रींचं डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत जागा मोकळी ठेवतील.

फिटर: म्हणजे तुमचं सोपं झालं.

बाई: सोपं असतं तर वरच सही केली असती. गुडघे दुखत असताना जिना उतरून आले नसते. असे बघू नका माझ्याकडे. मला अजून कळलेलं नाही काय चुकलंय. ते कळल्याशिवाय मी कशावरच सही करणार नाही. खुर्ची आहे का इथं?

फिटर: हा खोका घ्या. थांबा, पुसतो. म्हणजे कसं, मला एक विचारायचं होतं. राग नाही ना येणार?

बाई: ते प्रश्नावर आहे.

फिटर: सुट्या भागाचं ड्रॉइंग म्हणजे एकेकट्या माणसाचा फोटो. नाक कसं, कान कसे. पण हे जोडणीचं ड्रॉइंग म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो. कोण कोणाच्या शेजारी, कोण पुढं, कोण मागं. बरोबर?

बाई: बरोबर. माझ्या आख्ख्या शिक्षणात असं कोणी सांगितलं नाही, पण बरोबर.

फिटर: मग या फोटोत दार कुठंय?

बाई: हे काय.

फिटर: ते तुटक रेषांनी काढलंय.

बाई: मग? तुम्हाला काय वाटलं?

फिटर: मला वाटलं, दार पत्रेवाल्यांचं, आपल्याकडचं नाही, म्हणून नुसतं तुटक दाखवलंय. पाहुण्याला फोटोत कडेला उभं करतात तसं.

बाई: छे. बाहेरून आलेल्या वस्तूची रेष वेगळी असते. तुटक रेष म्हणजे त्या बाजूनं न दिसणारी वस्तू. कशाच्या तरी मागं लपलेली.

फिटर: पण दार लपेल कसं? दार तर समोर आहे.

बाई: दार पलीकडच्या अंगाला आहे. म्हणून तुटक.

फिटर: पलीकडच्या म्हणजे कुणाच्या पलीकडच्या?

बाई: प्रेसच्या.

फिटर: बाई, मी आत्ता दारासमोर उभा आहे. माझ्यासाठी दार अलीकडे आहे. ते पलीकडे दिसायला मी कुठं उभं राहायचं?

बाई: तिकडे. मागं. मिस्त्री उभे राहायचे तिथं. थांबा.

फिटर: थांबलोय.

बाई: थांबा जरा. मला बघू द्या. हात द्या, उठते.

फिटर: सावकाश. तिथं साखळी लोंबतेय, डोकं सांभाळा. मागं जागा अरुंद आहे.

बाई: इथं उभं राहिलं की... ड्रॉइंग द्या. नाही, सरळ धरून द्या. इथं काहीच दिसत नाहीये.

फिटर: बॅटरी धरतो. मागं अंधारच असतो.

बाई: बल्ब गेला असेल.

फिटर: बल्ब नाहीच आहे या बाजूला.

बाई: असेल. नीट धरा उजेड. हे बघा, इथून उजवा हात म्हणजे हा. हँडल या अंगाला यायला हवं. आणि तुम्ही बसवलंय त्या अंगाला.

फिटर: मी बसवलं माझ्या उजवीकडे. समोरून.

बाई: आणि मी काढलं माझ्या उजवीकडे. मागून. कोण उजवं, कोण डावं, सगळा गोंधळ झालाय. मला आता माझाच हात कोणता ते विचारावं लागेल.

फिटर: फ्रेमला दोन्ही अंगांना भोकं आहेत, म्हणून हँडल कुठंही बसतं. नसती तर पहिल्याच बोल्टला कळलं असतं.

बाई: ती मीच ठेवली. एखाद्या गिऱ्हाइकाला हँडल उलट बाजूला लागतं म्हणून.

फिटर: पण म्हणजे कसं बाई, रागावू नका. ड्रॉइंग समोरून काढतात ना? निदान समोरून की मागून ते खाली लिहितात. इथं काहीच लिहिलेलं नाही.

बाई: कधी लिहिलंच नाही. ड्रॉइंग मी काढायची, प्रेस मिस्त्रींनी जोडायचा, तिसरं कोणी मध्ये नव्हतंच. ते इथं उभे राहायचे. माझं टेबल वर, त्या काचेपाशी. मान उचलली की मला त्यांची पाठ दिसायची आणि पाठीवरून प्रेस. मला प्रेस म्हटला की असाच आठवतो. समोरून कसा दिसतो ते मला आज पहिल्यांदा नीट दिसलं असेल.

फिटर: म्हणजे सगळी ड्रॉइंग मागून?

बाई: सगळी.

फिटर: मिस्त्री कधी बोलले नाहीत?

बाई: त्यांना त्यांच्या बाजूनं हवंच होतं. या बाजूला उजेड चांगला, म्हणून ते इथं उभे राहायचे. मी ते बघून बघून तसंच काढत गेले. माणसाला कागद उलटा करायला लागू नये, एवढंच.

फिटर: मग आता?

बाई: आता हँडल काढा आणि या अंगाला लावा. मी वर साहेबांकडे जाऊन येते.

फिटर: काय सांगणार?

बाई: अजून ठरवलं नाही. जिना मोठा आहे.

(बाई वर जाऊन येतात. तोवर हँडल दुसऱ्या अंगाला लागलेलं असतं.)

फिटर: बाई, बघा. सताड उघडतंय. गठ्ठाच काय, तुमचं टेबल बाहेर निघेल.

बाई: माझं टेबल राहू दे वरच. प्रेस न्यायला आलेला ट्रक थांबलाय का?

फिटर: थांबलाय. ड्रायव्हर कुरकुरतोय, पण थांबलाय. साहेब काय म्हणाले?

बाई: आधी खूप वेळ त्यांना काही समजेना. मी म्हटलं, जोडणाऱ्यानं कागदाबरहुकूम जोडलंय. ते म्हणाले, मग ड्रॉइंग चुकलं. मी म्हटलं, ड्रॉइंगमधली एकही रेष चुकलेली नाही. ते म्हणाले, मग काय भुतानं केलं का. शेवटी त्यांना खुर्चीतून उठवून टेबलाच्या या बाजूला, माझ्या जागी उभं केलं आणि विचारलं, आता खोलीचं दार कोणत्या हाताला. तेव्हा उमगलं.

फिटर: आणि सही?

बाई: केली. कुठून बघायचं ते ड्रॉइंगवर लिहिलेलं नव्हतं, ही माझी चूक, जोडणाऱ्याची नाही, असं लिहून केली.

फिटर: बाई...

बाई: डोळ्यात पाणी वगैरे आणू नको. तुला पुढं पुष्कळ काम आहे. सगळी ड्रॉइंग नव्यानं काढायची आहेत, आणि तू प्रत्येक वेळी बाजूला उभा राहून मला सांगायचंस की दार कुठंय.

फिटर: तुम्ही मला तू म्हणालात.

बाई: चुकून म्हणाले. आता राहू दे.

फिटर: पण मिस्त्रींची जागा?

बाई: तेच आता घरी कसं सांगू ते कळत नाहीये. रोज सकाळी डबा भरताना विचारतात, काय चाललंय शेडमध्ये. फोन लाव बरं. माझे हात काळे झालेत. हो, तोच नंबर. त्याला ते स्पीकर का काय असतं ना, ते लाव.

मिस्त्री: हॅलो. कोण?

बाई: मी आहे. जेवलात?

मिस्त्री: तू भरदुपारी फोन करून जेवलात का विचारतेस म्हणजे काहीतरी मोडलंय.

बाई: मोडलं नाही. तुमच्या जागेवरच्या मुलानं प्रेस जोडला. हँडल उलट्या अंगाला लागलं.

मिस्त्री: समोर उभा राहिला असेल.

बाई: तुम्हाला माहीत होतं?

मिस्त्री: त्यात माहीत नसायला काय आहे? तुझं ड्रॉइंग मागून वाचायचं असतं. त्याला सांगायचं राहिलं.

फिटर: नमस्कार मिस्त्री. मीच तो.

मिस्त्री: नमस्कार. हँडल काढताना आतली चकती पडली का खाली? माझी दर वेळी पडायची.

फिटर: पडली. अजून सापडली नाही. दुसरी घातली.

मिस्त्री: तळाच्या पाटाखाली बघ. तिथं माझ्याही चार-दोन सापडतील. साहेबांनी काय केलं? बोलले असतील.

बाई: बोलले. मी सांगितलं चूक माझी आहे. अहो, ऐका. तो आता राहील कामावर. तुमची जागा मोकळी नाही राहायची. मला तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.

मिस्त्री: कशाला विचारायचं? मला आता बोल्टचे आटे दिसायचे नाहीत. ऑपरेशन झालं तरी बारीक काम नको, असं डॉक्टर मागेच म्हणाले.

बाई: मला नाही सांगितलंत.

मिस्त्री: तू रोज माझी जागा राखून आल्यासारखी घरी यायचीस. कसं सांगू? रडतेस की काय?

बाई: नाही. धूळ आहे इथं. मला एवढंच वाईट वाटतंय की तुमची ती उजेडाची जागा गेली. आता सगळं समोरून काढायचं म्हणजे...

मिस्त्री: कसली जागा?

बाई: मागची. उजेडासाठी मागं उभे राहायचात ना.

मिस्त्री: मागं कुठला उजेड? खिडक्या सगळ्या पुढच्या अंगाला. मागं काळाकुट्ट अंधार असायचा.

बाई: मग तिथं का उभे राहायचात?

मिस्त्री: तू तिथून काढायचीस म्हणून. पहिला प्रेस आला तेव्हा मी समोरच उभा होतो. कागद काही जुळेना. मागं गेलो, जुळला. म्हटलं, हिला तिथून सोपं पडत असेल.

बाई: मी तिथून काढायचे, कारण तुम्ही तिथं उभे असायचात.

मिस्त्री: असं कसं? आधी कोण मग?

बाई: मला कळत नाहीये.

मिस्त्री: विचारायचंस की.

बाई: तुम्ही सांगायचंत.

मिस्त्री: बरं, संध्याकाळी ये, मग बघू. सावकाश ये. ठेवतो.

फिटर: बाई, ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. नेऊ का प्रेस बाहेर?

बाई: ने. आणि उद्यापासून तू समोरच उभा राहा. उजेड तिकडे आहे.