कालचे स्कॅन

नवऱ्याला ऑपरेशनसाठी आत नेल्यापासून बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या संगणकाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत एक तरुण प्रोग्रामर आपल्या वरिष्ठ मॅडमना सांगत होता.

"मॅडम, माझ्या प्रोग्रामनं स्कॅन कॉपी करायची कमांड चालवली. तिचं उत्तर रिकामं आलं. मला वाटलं, झालं काम."

"अरे, काही चुकलं तर तो संदेश वेगळ्या वाटेनं येतो. तो वाचला होतास?"

"नाही ना. डिस्क भरली होती. कॉपी झालीच नाही."

"आणि मूळ फाइली?"

"प्रोग्रामनं पुढच्याच ओळीत पुसल्या. कालचे सगळे स्कॅन गेले."

"मग डॉक्टरांना आत्ता काय दिसतंय?"

"ज्यांचे जुने आहेत, त्यांचे जुनेच."

"कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही. आत्ताच लक्षात आलं."

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यांच्या डोक्याचा स्कॅन कालच काढलाय. आत नेलंय त्यांना."

"काकू, आधी कधी काढला होता का?"

"हो, उन्हाळ्यात. तेव्हा गाठ लहान होती."

तो धावत सुटला. ऑपरेशनच्या दाराआडून त्याचा आवाज आला, "डॉक्टर, थांबा! समोरचा स्कॅन जुना आहे!"

आतून डॉक्टर म्हणाले,

"सुरी खाली ठेवा, सिस्टर. आधी नवा स्कॅन काढू."