मेलेल्या राजाला उचलणार कोण?

नव्या नाटकाचा पहिलाच खेळ होता. राजा झालेला अँब्रोज पोटात खंजीर खाऊन रंगमंचाच्या कडेलाच कोसळला. पडदा नव्हताच, त्यामुळे कुणी उचलून आत नेईपर्यंत मेल्यासारखं पडून राहणं भाग होतं. समोर उभ्या असलेल्या दोन मासेवाल्या रंगमंचावर कोपरं टेकून अक्रोड खात होत्या.

“थॉमसिन, मेला गं बिचारा!”

“कसला मेलाय! पोट हलतंय बघ.”

“राजाचं पोट ते. निवायला वेळ लागणारच.”

“थांब, वर टरफल ठेवते. बघ, कसं झुलतंय!”

“बाई गं! पण आता याला आत नेणार कोण?”

“भाऊ नेईल की.”

“त्याला मघाशीच विष पाजलं.”

“मग सेनापती?”

“तो काय, आत्ता आडवा झाला.”

“राणी तरी?”

“ती त्याच्याखाली आहे.”

“म्हणजे उचलायला कुणी उरलंच नाही? लिहिणारा काय झोपेत लिहीत होता?”

अँब्रोजने डोळे न उघडता ओठ हलवले.

“मावशी, जरा हात लावता का?”

“अगं थॉमसिन, मढं बोललं!”

“मेलेल्याची शेवटची इच्छा मोडू नये. चढ वर, तू पाय धर.”